जाहिरातीतील आवाहन : ओळखावे कसे?

आठवड्याच्या बाजारात कापडाच्या व भांड्यांच्या पालांपलीकडे, झाडाच्या सावलीत एक गृहस्थ चादर अंथरून बसतो. चादरीवर मुळ्या, साली आणि रंगीत बाटल्या मांडलेल्या असतात. प्रारंभी तो काहीच विकत नाही. आपले घराणे तीन पिढ्यांपासून वनस्पतींची पारख करीत आले आहे, एवढेच तो सांगतो. मग गर्दीतील एखाद्या वृद्धाकडे वळून, गुडघे धरल्यामुळे नातवाला कडेवर घेता येत नाही याचे दुःख तो अशा शब्दांत वर्णन करतो की, ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. शेवटी तो हिशेब मांडतो. दवाखान्याच्या एका खेपेला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात येथे दोन महिन्यांचे औषध मिळते, हा तो हिशेब. अर्ध्या तासात दहा-बारा बाटल्या खपतात. बाटलीत काय आहे, हे मात्र कोणी विचारलेले नसते.

या विक्रेत्याने वक्तृत्वशास्त्राचा कोणताही ग्रंथ वाचलेला नसतो. तरीही सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने मन वळविण्याची जी तीन साधने सांगितली, ती तिन्ही त्याने बिनचूक क्रमाने वापरलेली असतात. आजची वृत्तपत्रीय, दूरचित्रवाणीवरील अथवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील जाहिरात याच तीन साधनांवर उभी आहे. साधने तीच राहिली. बदलला तो त्यांचा पल्ला. बाजारातील विक्रेत्याचा आवाज पन्नास माणसांपर्यंत पोहोचत असे, तर जाहिरातीचा आवाज आज घराघरांत पोहोचतो.

जाहिरातीचा वाढता पल्ला

महाराष्ट्रातील जाहिरातीचा प्रवास वृत्तपत्रांच्या बरोबरीने सुरू झाला. पुढे आकाशवाणीच्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून व्यापारी जाहिरातींचे प्रसारण होऊ लागले आणि ज्यांना वाचता येत नव्हते अशा लाखो श्रोत्यांपर्यंतही जाहिरात पोहोचली. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ मध्ये सुरू झाल्या. १९९० नंतरच्या दशकात केबल वाहिन्यांनी आणि त्यानंतर भ्रमणध्वनीने हा विस्तार पूर्ण केला.

या विस्तारामुळे एक प्रश्न निर्माण झाला आहे. शाळेत मुलांना गद्य व पद्य यांचे रसग्रहण शिकविले जाते, परंतु दिवसाकाठी जो मजकूर त्यांच्या डोळ्यांवर व कानांवर सर्वाधिक आदळतो, त्याचे वाचन कसे करावे हे क्वचितच शिकविले जाते. प्रौढांची स्थितीही याहून वेगळी नाही. बियाण्याची पिशवी, मुदत ठेवीची योजना, बाळाचा आहार किंवा मधुमेहावरील चूर्ण यांची निवड करताना चूक झाली तर तिची किंमत एका हंगामाने, आयुष्यभराच्या बचतीने किंवा प्रसंगी जिवाने मोजावी लागते. म्हणून जाहिरातीतील आवाहन ओळखणे ही केवळ भाषेच्या अभ्यासाची बाब राहत नाही. ती नागरिकाच्या संरक्षणाची बाब ठरते.

विश्वासाचे आवाहन

ॲरिस्टॉटलने सांगितलेले पहिले साधन म्हणजे बोलणाऱ्याविषयी वाटणारा विश्वास. माणूस कोण आहे यावरून त्याचे म्हणणे खरे की खोटे हे ठरविण्याची सवय आपल्या सर्वांना असते आणि व्यवहारात ती बरीच उपयोगीही पडते. गावातील अनुभवी शेतकऱ्याने सांगितलेले पेरणीचे वेळापत्रक नवख्याने ऐकावे, यात गैर काहीच नाही.

जाहिरात या सवयीचा उपयोग करते. पांढरा कोट घातलेला व गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला नट दंतमंजनाची शिफारस करतो, तेव्हा तो डॉक्टर असल्याचे कोठेही म्हटलेले नसते. ते काम कोट करतो. लोकप्रिय खेळाडू पेयाची बाटली हातात धरतो, तेव्हा त्याच्या खेळातील प्रावीण्याचा पेयाच्या गुणाशी काही संबंध नसतो. ‘शंभर वर्षांची परंपरा’, ‘विदेशी तंत्रज्ञान’, ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ ही वचनेही याच जातीची होत. कोणत्या प्रयोगशाळेत, केव्हा आणि काय सिद्ध झाले हे सांगितले असेल तरच शेवटच्या वचनाला अर्थ येतो.

येथे एक साधी कसोटी लावता येते. शिफारस करणारा ज्या विषयाचा जाणकार आहे, त्याच विषयाबद्दल तो बोलत आहे काय? आणि या बोलण्याबद्दल त्याला मोबदला मिळाला आहे काय? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की विश्वास किती ठेवावा हे ठरविणे सोपे जाते. खऱ्या डॉक्टरांच्या बाबतीत तर नियम स्पष्ट आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांनुसार नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने एखाद्या औषधाची व्यापारी शिफारस करणे हा व्यावसायिक नीतीचा भंग मानला गेला.

भावनेचे आवाहन

दुसरे साधन म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात भावना जागी करणे. भीती, वात्सल्य, लाज, अभिमान व लोभ या पाच भावनांभोवती बहुतेक जाहिराती फिरताना दिसतात. जंतूंची चित्रे मोठी करून दाखविली की आईला भीती वाटते. शेजाऱ्याच्या मुलाची उंची दाखविली की स्वतःच्या मुलाबद्दल काळजी वाटते. सावळ्या मुलीचे लग्न जमत नाही असे सुचविले की तिला स्वतःच्या रंगाची लाज वाटू लागते. म्हणजे जाहिरात अनेकदा प्रथम उणीव निर्माण करते आणि मग ती भरून काढणारी वस्तू पुढे करते.

घाईची भावनाही याच सदरात मोडते. ‘आजचा शेवटचा दिवस’, ‘फक्त पहिल्या शंभर ग्राहकांसाठी’ अशा घोषणांचा हेतू विचाराला वेळ मिळू नये हाच असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मन वळविण्याची जी सहा तत्त्वे मांडली, त्यांत टंचाईच्या या तत्त्वाचा समावेश आहे. वस्तू दुर्मिळ झाली की ती अधिक मौल्यवान वाटू लागते, मग तिची गरज असो वा नसो.

भावना जागी होणे हा दोष नव्हे. जाहिरात वाचून मनात जी भावना उठली तिचे नाव घ्यावे आणि मग विचारावे, ‘ही भावना बाजूला ठेवली तर वस्तूबद्दल काय माहिती उरते?’ पुष्कळदा उत्तर ‘काहीच नाही’ असे येते.

आकड्यांचे आवाहन

तिसरे साधन युक्तिवादाचे. यात आकडे, तुलना व पुरावे येतात. वरवर पाहता हे सर्वांत प्रामाणिक साधन दिसते आणि म्हणूनच ते काळजीपूर्वक तपासावे लागते. काही उदाहरणे पाहू.

‘१०० ग्रॅमच्या किमतीत १२५ ग्रॅम’ म्हणजे २५ टक्के सूट असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात वस्तू २० टक्क्यांनी स्वस्त झालेली असते. ‘९९ टक्के जंतूंचा नाश’ हे ऐकायला भक्कम वाटते, परंतु एक कोटी जंतूंपैकी ९९ टक्के नष्ट झाले तरी एक लाख उरतातच.

कर्जाच्या जाहिरातीतील व्याजाचा दर हे अधिक गंभीर उदाहरण होय. १२,००० रुपयांच्या कर्जावर सरसकट १० टक्के दराने वर्षाचे व्याज १,२०० रुपये होते आणि कर्जदार दरमहा १,१०० रुपयांचे बारा हप्ते भरतो. पण पहिल्या हप्त्यापासूनच मुद्दल कमी होत जाते, तरी व्याज मात्र संपूर्ण रकमेवर आकारलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर जवळजवळ १८ टक्के भरतो. जाहिरातीतील आकडा खोटा नसतो, पण तो अपुरा असतो.

ठेवींच्या बाबतीत ‘तीन वर्षांत दामदुप्पट’ ही घोषणा अशीच तपासावी. तीन वर्षांत रक्कम दुप्पट होण्यासाठी दरसाल सुमारे २६ टक्के चक्रवाढ परतावा मिळावा लागतो. कोणता सचोटीचा व्यवसाय ठेवीदाराला दरसाल एवढे देऊन स्वतः नफ्यात राहू शकेल, हा प्रश्न विचारला की घोषणेतील पोकळपणा ध्यानी येतो. दामदुपटीचा जुना नियम सावकाराने मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळी वसूल करू नये यासाठी होता. ऋणकोच्या रक्षणार्थ योजलेला हा शब्द आता ठेवीदाराला आमिष म्हणून वापरला जातो, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

स्तुती आणि दावा यांतील सीमारेषा

जाहिरातीतील प्रत्येक वाक्य पुराव्याने सिद्ध करता येईल अशी अपेक्षा कोणीच करीत नाही. ‘मन प्रसन्न करणारा चहा’ ही स्तुती झाली. ‘या चहाने पंधरा दिवसांत वजन घटते’ हा दावा झाला. स्तुतीकडे दुर्लक्ष करता येते. दाव्याला मात्र पुरावा मागता येतो.

ही सीमारेषा स्पष्ट करणारा एक खटला इंग्लंडमध्ये १८९२ मध्ये गाजला. त्या काळी तेथे इन्फ्लुएंझाची साथ होती. कार्बोलिक धूर नाकावाटे घेण्याचा एक रबरी चेंडू विकणाऱ्या कंपनीने वृत्तपत्रांत जाहिरात दिली. चेंडू दिवसातून तीन वेळा याप्रमाणे दोन आठवडे सूचनेबरहुकूम वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला १०० पौंड देण्यात येतील आणि आपल्या प्रामाणिकपणाची खूण म्हणून १,००० पौंड बँकेत ठेवले आहेत, असे तीत म्हटले होते. श्रीमती कार्लिल यांनी चेंडू घेतला, सूचनेप्रमाणे वापरला आणि तरीही जानेवारी १८९२ मध्ये त्यांना इन्फ्लुएंझा झाला. त्यांनी पैसे मागितले तेव्हा कंपनीने अनेक बचाव मांडले. जाहिरात ही केवळ फुगवून केलेली स्तुती होती आणि ती कोणी शब्दशः घ्यायची नसते, हा त्यांपैकी एक होता. अपील न्यायालयाने तो मानला नाही. बँकेत पैसे ठेवल्याचा उल्लेख हाच कंपनीच्या गंभीर हेतूचा पुरावा आहे असे न्यायाधीशांनी ठरविले आणि कार्लिल यांना १०० पौंड मिळाले.

या एकाच जाहिरातीत तिन्ही आवाहने होती. साथीची भीती होती, बँकेतील ठेवीचा विश्वास होता आणि शंभर पौंडांचा हिशेब होता. भारतातील विधी महाविद्यालयांतही हा खटला करारविषयक कायदा शिकविताना आवर्जून अभ्यासला जातो.

शाळांसाठी सांगितलेल्या सात युक्त्या

अमेरिकेत १९३७ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रचाराचे विश्लेषण करणारी एक संस्था स्थापन झाली. युरोपात त्या वेळी हुकूमशाही प्रचाराला उधाण आले होते. सामान्य माणसाला प्रचार ओळखता यावा यासाठी या संस्थेने सात युक्त्यांची यादी तयार केली आणि ती तेथील शाळांतून शिकविली गेली. संस्था १९४२ मध्ये बंद पडली, पण यादी आजही उपयुक्त आहे.

पहिली युक्ती नावे ठेवण्याची. प्रतिस्पर्ध्याच्या मालाला ‘साधा’, ‘जुनाट’, ‘भेसळीचा’ असे म्हणणे ही तिची रूपे होत. दुसरी झगमगत्या शब्दांची. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘संपूर्ण’ या शब्दांना मोजमाप नसते. तिसरी प्रतिष्ठा उसनी घेण्याची. तीत देवतेचे चित्र, राष्ट्रध्वजाचे रंग किंवा किल्ल्याची पार्श्वभूमी वापरून त्यांविषयीचा आदर वस्तूकडे वळविला जातो. चौथी युक्ती प्रसिद्ध व्यक्तीच्या साक्षीची आणि पाचवी ‘आम्हीही तुमच्यातलेच’ असे भासविण्याची. डोक्यावर मुंडासे आणि खांद्यावर नांगर घेतलेला नट खताची जाहिरात करतो ती या प्रकारची. सहावी सोयीची तेवढीच बाजू मांडण्याची. सातवी ‘सारे गाव घेते, तुम्हीच मागे का?’ असे म्हणून गर्दीबरोबर ओढून नेण्याची.

सहाव्या युक्तीची प्रचीती बियाण्यांच्या जाहिरातीत वारंवार येते. भरघोस पिकात उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याचे छायाचित्र आणि एकरी उत्पादनाचा आकडा छापलेला असतो. त्या शेतात पाण्याच्या किती पाळ्या दिल्या, जमीन कोणत्या प्रकारची होती आणि खतावर किती खर्च झाला याचा उल्लेख नसतो. याउलट पिशवीवरील खूणचिठ्ठीवर उगवणशक्ती, शुद्धता, लॉट क्रमांक व तपासणीची तारीख ही माहिती असते. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी असे मानक आहे. शेतकऱ्याने छायाचित्राऐवजी खूणचिठ्ठी वाचावी. पावती, पिशवी, खूणचिठ्ठी व थोडे बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे आणि उगवण न झाल्यास तालुका कृषी अधिकाऱ्याकडे त्वरित लेखी तक्रार करावी.

दुधाच्या डब्याची कथा

जाहिरातीतील आवाहने केवढे अनर्थ घडवू शकतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण बाळाच्या दुधाच्या भुकटीचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास आशिया व आफ्रिकेतील अनेक देशांत या भुकटीच्या जाहिरातींचे पेव फुटले. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र असे आणि ते पाहून प्रत्येक आईला आपले बाळ तसेच व्हावे असे वाटे. हे भावनेचे आवाहन होते. काही देशांत परिचारिकांच्या गणवेशातील विक्रेत्या प्रसूतिगृहांत जाऊन मातांना डबे देत. हे विश्वासाचे आवाहन होते. डब्यावर जीवनसत्त्वांची व क्षारांची यादी असे. ते युक्तिवादाचे आवाहन होते.

जे सांगितले जात नव्हते ते असे. भुकटी कालविण्यास उकळलेले स्वच्छ पाणी लागते आणि गरिबाच्या घरी ते सहज मिळत नाही. डबा महाग असल्याने आई भुकटी पुरवून पुरवून वापरते आणि बाळाच्या पोटात पोषणाऐवजी पाणीच जाते. शिवाय बाळाने काही दिवस अंगावरचे दूध ओढले नाही तर ते आटू लागते. म्हणून मोफत मिळालेला पहिला डबा संपतो, तेव्हा दुसरा विकत घेण्यावाचून आईला गत्यंतर राहत नाही. अतिसार व कुपोषण यांनी असंख्य बालके दगावली.

या धोक्याची सूचना फार पूर्वीच मिळाली होती. बालरोगतज्ज्ञ डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूर येथील भाषणात या चुकीच्या प्रचाराची गणना थेट खुनात केली होती. १९७४ मध्ये ब्रिटनमधील एका सेवाभावी संस्थेने या विषयावरील अहवाल प्रसिद्ध केला आणि १९७७ मध्ये अमेरिकेत अशा मालावरील बहिष्काराची चळवळ सुरू झाली. अखेर मे १९८१ मध्ये जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य सभेने मातेच्या दुधाला पर्यायी पदार्थांच्या विक्रीबाबत आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. ठरावाच्या बाजूने ११८ देशांनी मत दिले. विरोधात एकच मत पडले, ते अमेरिकेचे.

भारताने १९८३ मध्ये राष्ट्रीय संहिता तयार केली आणि १९९२ मध्ये संसदेने स्वतंत्र अधिनियम संमत केला. २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. या अधिनियमानुसार अर्भकांच्या दुधाच्या पर्यायी पदार्थांची, दूध पाजण्याच्या बाटल्यांची आणि दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या आहाराची जाहिरात करण्यास मनाई आहे. दुधाच्या डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापता येत नाही आणि मातेचे दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे अशी सूचना ठळकपणे द्यावी लागते. मोफत नमुने वाटणे व आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू देणे यांसही बंदी आहे. कायद्याने जी चित्रे, जे गणवेश आणि जी भेट थांबविली, तीच आवाहनाची खरी साधने होती, हे येथे लक्षात येते. प्रसूतिगृहात अथवा अंगणवाडीत असे फलक वा नमुने आढळल्यास अंगणवाडी सेविकांनी व आशा कार्यकर्त्यांनी ती बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आणणे अगत्याचे आहे.

अनुनय हा दोष नव्हे

यावरून मन वळविण्याचा प्रत्येक प्रयत्न संशयास्पद ठरविणे योग्य होणार नाही. पोलिओ निर्मूलनाच्या मोहिमेत लोकप्रिय अभिनेते अमिताभ बच्चन यांनी पालकांना आवाहन केले. त्यांच्याविषयीचा विश्वास, बाळाच्या भवितव्याची काळजी आणि लसीच्या उपयुक्ततेचा पुरावा ही तिन्ही साधने त्या मोहिमेत होती. देशातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले.

मग चांगल्या व वाईट आवाहनातील फरक कोणता? चांगले आवाहन तपासणीला सामोरे जाते. त्यामागील पुरावा मागितला तर तो मिळतो, त्याचे तोटे विचारले तर ते सांगितले जातात आणि विचार करण्यास वेळ दिला जातो. वाईट आवाहन यांपैकी प्रत्येक गोष्ट टाळते. शासकीय योजनांची प्रसिद्धीही याच कसोटीवर उतरली पाहिजे. योजनेचा लाभ कोणाला मिळेल हे जितक्या ठळकपणे छापले जाते, तितक्याच ठळकपणे तो कोणाला मिळणार नाही हेही छापले जावे, म्हणजे लाभार्थ्यांचे हेलपाटे वाचतील.

कायद्याचे कवच

ग्राहकाच्या संरक्षणासाठी आज अनेक कायदे उपलब्ध आहेत. १९५४ च्या औषधे व चमत्कारिक उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमानुसार मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, लकवा इत्यादी अनुसूचित रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई आहे. ताईत, मंत्र, कवच यांनी रोग बरे होतात असे सांगणाऱ्या जाहिरातींचाही त्यात समावेश होतो. महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा अधिनियम आणि केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा अधिनियम हे ठेवींच्या फसव्या योजनांना आळा घालण्यासाठी आहेत.

ग्राहक संरक्षणाचा पहिला अधिनियम १९८६ चा होता. त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. वस्तूचे खोटे वर्णन करणारी, खोटी हमी देणारी, अनुचित व्यापारी प्रथेत मोडणारे निवेदन करणारी किंवा महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात होय, अशी तिची व्याख्या आता कायद्यात आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीबद्दल उत्पादकास वा शिफारस करणाऱ्यास दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा उल्लंघन झाल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुरेशी खातरजमा न करता शिफारस करणाऱ्या व्यक्तीस एक वर्षापर्यंत शिफारस करण्यास मनाई करता येते. २०२२ मध्ये जारी झालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतील खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत असावा लागतो, तसेच शिफारस करणाऱ्याचे उत्पादकाशी आर्थिक संबंध असल्यास ते उघड करावे लागतात.

तक्रार कोठे करावी, हा प्रश्न ग्रामीण भागात नेहमी विचारला जातो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबाबतची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे अथवा केंद्रीय प्राधिकरणाकडे करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करण्याची सोय नव्या कायद्याने झाली आहे. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क पडत नाही. याखेरीज जाहिरात व्यवसायाने १९८५ मध्ये स्वतःच स्थापन केलेली भारतीय जाहिरात मानक परिषद मुंबई येथे असून तीही तक्रारींची दखल घेते.

वर्गात आणि ग्रामसभेत

कायदा बहुधा नुकसान झाल्यानंतर धावून येतो. नुकसान टाळण्याचे काम जाणत्या वाचकालाच करावे लागते. त्यासाठी पाच प्रश्न पुरेसे आहेत. हे कोण सांगत आहे व त्याचा लाभ काय? माझ्या मनात कोणती भावना जागी केली जात आहे? नेमका दावा कोणता आणि त्याचा पुरावा कोठे आहे? काय सांगितलेले नाही? आणि आज निर्णय घेतला नाही तर खरोखर काय बिघडेल?

शिक्षकांना हे प्रश्न वर्गात सहज वापरता येतील. जुन्या वृत्तपत्रांतील जाहिराती विद्यार्थ्यांकडून कापून घ्याव्यात. विश्वासाचे शब्द निळ्या, भावनेचे तांबड्या व पुराव्याचे हिरव्या पेन्सिलीने अधोरेखित करण्यास सांगावे. हिरव्या रेघा किती थोड्या पडतात, हे पाहून मुले स्वतःच विचार करू लागतात. नंतर त्याच वस्तूची अशी जाहिरात लिहून घ्यावी की, जीतील प्रत्येक वाक्य सिद्ध करता येईल. भाषेचा, गणिताचा आणि नागरिकशास्त्राचा असा एकत्र अभ्यास एका तासिकेत होऊ शकतो.

पंचायतीच्या सदस्यांना खरीप हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत बियाण्यांची दोन-तीन जाहिरातपत्रके व एक खूणचिठ्ठी मोठ्याने वाचून दाखविता येईल. बचत गटांच्या बैठकीत कर्जाच्या एका जाहिरातीचा हिशेब फळ्यावर मांडता येईल. ज्या गावात एखादी नवी ठेव योजना आली असेल, तेथे तिच्या प्रतिनिधीला नोंदणीचे कागद सर्वांसमक्ष दाखविण्यास सांगता येईल. सचोटीने व्यवहार करणाऱ्याला यात काही अडचण वाटणार नाही.

आठवड्याच्या बाजारातील तो विक्रेता पुढच्या आठवड्यातही झाडाखाली बसेल. त्याचे घराणे, वृद्धाचे गुडघे आणि स्वस्ताईचा हिशेब ही त्याची तिन्ही वाक्ये तीच असतील. त्या वेळी गर्दीतील एकाने जरी पुढे होऊन बाटलीत काय आहे आणि ते कोठे लिहिले आहे, एवढे विचारले, तरी त्या दिवशीचे बरेच पैसे लोकांच्या खिशात सुरक्षित राहतील.